उतार बंद करू नका, वाचायला शिकवा

१ फेब्रुवारी २००३ रोजी कॅनडातील ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये, रॉजर्स पास या खिंडीलगतच्या कॉनॉट क्रीकच्या दरीतून शाळकरी मुलांची एक तुकडी स्कीवरून चालली होती. चौदा मुले आणि तीन मोठी माणसे. बर्फाखाली गाडले गेल्यास शोध लागावा म्हणून लागणारे बीकन, शोधकाठ्या आणि फावडी त्यांच्याजवळ होती. एकमेकांत अंतर राखून चालण्याची शिस्तही ती पाळत होती. ती कुठल्या कड्यावर चढत नव्हती, दरीच्या तळाने जात होती. चेऑप्स पर्वताच्या उतारावरून सुटलेले हिमस्खलन दरीत उतरले, तुकडी त्यात सापडली आणि सात मुले मरण पावली. जवळच असलेल्या दोन स्कीवाल्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले आणि लगोलग धाव घेऊन खणायला सुरुवात केली, म्हणून गाडल्या गेलेल्यांपैकी काहींचे प्राण वाचले. त्याच सेल्कर्क पर्वतरांगेत अवघ्या बारा दिवसांपूर्वी, २० जानेवारीला, दुसऱ्या एका हिमस्खलनाने आणखी सात जणांचा बळी घेतला होता.

अशी दुर्घटना घडली की समाजात दोन सूर हमखास उमटतात. पहिला सूर असतो बंदीचा: हिवाळ्यात डोंगर बंद करा, पाटी लावा, पहारा ठेवा. दुसरा सूर साधनांचा असतो: जाणाऱ्यांकडे चांगले बीकन हवेत, हेलिकॉप्टर तयार हवे, बचावपथक जवळ हवे. दोन्ही सूर कळवळ्यातून येतात आणि दोहोंत थोडे तथ्यही आहे, परंतु हिमस्खलनाचा धोका ज्या जागी ठरतो त्या जागेला दोघेही हात लावत नाहीत. तो धोका ठरतो माणसाने घेतलेल्या निर्णयात. हा निर्णय आदल्या संध्याकाळी नकाशासमोर आणि दुसऱ्या दिवशी उताराच्या पायथ्याशी होतो. तो नीट घेता यावा यासाठी लागणारी माहिती आणि शिक्षण पुरवणे हे सार्वजनिक संस्थांचे काम आहे, आणि सरसकट बंदी ही बहुतेक वेळा ते काम टाळण्याची सोपी वाट असते, असे माझे ठाम मत आहे.

हे मत पटवून द्यायचे तर आधी बर्फाकडे जरा जवळून पाहावे लागेल. डोंगरावर साचलेला बर्फ म्हणजे एकजिनसी ढीग नव्हे. प्रत्येक हिमवृष्टी, प्रत्येक वारा, प्रत्येक उन्हाची तिरीप आणि प्रत्येक निरभ्र रात्र त्यात आपापला थर ठेवून जाते. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, आणि वरचा पृष्ठभाग थंडीच्या कडाक्यात त्याहून कितीतरी गार होतो. या फरकामुळे आतली वाफ वर सरकत राहते आणि एकमेकांना धरून असलेले कण हळूहळू सुटे, टोकदार, जाड्या साखरेसारखे होतात. मुठीत घेऊन दाबले तरी त्यांचा गोळा वळत नाही. शांत, निरभ्र रात्री पृष्ठभागावर दहिवर गोठते आणि सकाळी पिसांसारखे स्फटिक उभे राहिलेले दिसतात. उन्हात ते इतके सुंदर चमकतात की पाहणाऱ्याचे पाऊल थांबावे. याच पिसांवर पुढच्या आठवड्यात नवा बर्फ पडला, वाऱ्याने तो दाबून घट्ट केला, की खाली कच्चा थर आणि वर अखंड, टणक स्लॅब अशी रचना तयार होते. घराच्या स्लॅबखालचे खांब काडीकाडीने पोखरले गेले असावेत, तशी ही स्थिती असते. वरून चालणाऱ्याला मात्र पायाखाली भक्कम लागते, आणि हाच भक्कमपणा फसवा असतो.

उतार ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असेल तर असा स्लॅब सुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्याहून सपाट जागी बर्फ बहुधा जागेवर राहतो, आणि त्याहून उभ्या जागी तो साचण्याआधीच थोडाथोडा घरंगळत जातो. एका माणसाच्या वजनाने कच्च्या थरातला एक ठिपका चुरडला जातो, त्याचा तडा शेजारच्या ठिपक्याला, तिथून पुढच्या ठिपक्याला असा पसरत जातो, आणि क्षणार्धात संपूर्ण उतार पायाखालून निघतो. कधीकधी सपाटीवर चालतानाही बर्फ अचानक बसल्याचा एक खोल, घुमणारा आवाज येतो, जणू पोटातून कुणी हुंकार दिला. कच्चा थर चुरडला गेल्याचा हा आवाज आहे. जागा सपाट आहे म्हणून तो माणूस उभा राहतो. तीच रचना शेजारच्या उतारावर असते. डोंगर याहून स्पष्ट शब्दांत सांगू शकत नाही.

मी पहिल्यांदा एका सरावात बर्फाचा खड्डा खणून थरांची चाचणी केली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा बर्फाचा स्तंभ करवतीने मागून-बाजूंनी मोकळा करायचा, त्याच्या एका टोकावर फावड्याचे पाते ठेवायचे आणि त्यावर हाताने थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मनगटाच्या दहा थापांना काही झाले नाही. कोपरातून तिसरी थाप पडली आणि स्तंभ ज्या टोकाला मी थापटत नव्हतो त्या टोकापर्यंत एका रेषेत कापला गेला. वरचा भाग ओट्यावरून परात सरकावी तसा माझ्या अंगावर सरकत आला. कापल्या जागी बोट फिरवले तर तिथे बोटभरही जाडी नव्हती, केवळ ते गोठलेल्या दहिवराचे चमचमणारे स्फटिक होते. तीन आठवड्यांपूर्वीच्या एका शांत रात्रीने ठेवलेला तो थर होता. ही चाचणी त्या एकाच जागेपुरती बोलते, आणि निकाल वाईट आला तर परत फिरायचे. निकाल चांगला आला म्हणून पुढे जाण्याचा परवाना मिळत नाही, हेही त्याच दिवशी मला शिकवले गेले.

आता मुद्द्याकडे येतो. मोकळ्या डोंगरात फिरायला गेलेल्यांच्या प्राणघातक हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के स्खलने स्वतः त्या माणसाने किंवा त्याच्याच गटातील कुणीतरी सोडवलेली असतात. वीज कुणी बोलावत नाही, भूकंप कुणाच्या पावलाने होत नाही. हिमस्खलन मात्र बहुतांश वेळा पावलानेच होते. यातून काहीजण असा निष्कर्ष काढतात की चूक त्याची, फळे त्याने भोगावीत. मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. जो धोका माणसाच्या निर्णयाने जागा होतो, तो माणसाच्या निर्णयाने टाळताही येतो. नैसर्गिक आपत्तींत इतकी मोठी संधी दुसरीकडे क्वचितच मिळते. ती संधी वाया घालवणे हा दोष एकट्या प्रवाशाचा नाही.

निर्णयाची पहिली अडचण भाषेतच आहे. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात: कमी, मध्यम, लक्षणीय, तीव्र आणि अति तीव्र. पाचांपैकी तीन म्हणजे मध्यावर, म्हणजे फार काळजीचे कारण नाही, असा हिशोब शाळेतल्या गुणांच्या सवयीने आपण नकळत करतो. प्रत्यक्षात पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. प्रत्येक पायरीगणिक धोका पटीने वाढतो. तिसऱ्या पायरीचा अर्थ असा की अनेक उभ्या उतारांवर एकट्या माणसाच्या वजनाने स्लॅब सुटू शकतो, आणि काही वेळा उताराला हात न लावता, पायथ्याच्या सपाटीवरून चालतानाही तो सुटू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्याच्या साधारण एक तृतीयांश दिवसांना तिसरी पायरी जाहीर होते आणि हिमस्खलनातील जवळपास निम्मे मृत्यू त्याच दिवसांत होतात. चौथ्या पायरीला लोक घाबरून घरी थांबतात. पाचवी क्वचितच जाहीर होते आणि तेव्हा गावे व रस्तेच धोक्यात असतात. माणसे मरतात ती तिसऱ्या पायरीवर, कारण आभाळ निळे असते, बर्फ ताजा असतो आणि शब्द सौम्य असतो. कॉनॉट क्रीकच्या त्या सकाळीही वरच्या भागासाठी हाच शब्द जाहीर झालेला होता.

‘लक्षणीय’ हा अहवालाच्या भाषेतला शब्द आहे. तो ऐकून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. म्हणून आकडा आणि शब्द यांच्याआधी साधे वाक्य छापले जावे असे मला वाटते: आज या उंचीच्या वर, या दिशेच्या उतारांवर, एकट्या माणसाच्या पावलाने उतार सुटू शकतो. सोबत काय करायचे तेही सांगितले जावे. वेर्नर मुंटर या स्विस पर्वत-मार्गदर्शकाने १९९०च्या दशकात मांडलेला ढोबळ नियम इथे आजही उपयोगी पडतो: दुसऱ्या पायरीच्या दिवशी ४० अंशांहून उभा उतार टाळा, तिसऱ्या पायरीला ३५ अंशांहून उभा उतार टाळा, चौथीला ३० अंशांच्या आत राहा. तज्ज्ञांनी या नियमावर आक्षेप घेतले आहेत आणि नवशिक्याने तिसऱ्या पायरीला ३० अंशांच्या आतच राहावे असे मी म्हणेन. तरीही आकड्याला कृतीची जोड देण्याची त्यामागची दृष्टी योग्य होती. उताराचा कोन मोजायला आज मोबाइल फोन पुरतो. स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि नॉर्वे येथील सार्वजनिक नकाशांवर ३० अंशांहून उभे उतार रंगाने दाखवलेले असतात आणि ते कुणालाही विनामूल्य पाहता येतात. चाललेल्या वाटेचा उतार सौम्य असून भागत नाही, डोक्यावर काय टांगलेले आहे तेही पाहावे लागते, हे त्या रंगीत नकाशावर बोट ठेवून पाच मिनिटांत शिकवता येते.

दुसरी अडचण अनुभवाची आहे, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. सामान्यतः चूक केली की ठेच लागते आणि माणूस शहाणा होतो. बर्फाच्या उतारावर हा नियम चालत नाही. वाईट निर्णय घेऊनही दहापैकी नऊ वेळा उतार सुटत नाही. माणूस खाली पोहोचतो, आनंदाने मागे वळून बर्फावर उमटलेली आपली रेघ पाहतो, आणि आपला निर्णय बरोबर होता अशी पक्की समजूत घेऊन घरी जातो. अशा दहा वर्षांच्या अनुभवातून कौशल्य किती आले आणि केवळ नशीब किती होते, हे त्याचे त्यालाही वेगळे करता येत नाही. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्टीव्हन्स पासजवळच्या टनेल क्रीकमध्ये सोळा जणांचा गट उतरायला निघाला. त्यांत बर्फाशी रोजचा संबंध असलेली, नावाजलेली मंडळी होती. तिघे परत आले नाहीत. गट मोठा होता, जागा अनेकांच्या पायाखालची होती, आणि शंका मनात आलेल्यांनाही वाटले की इतक्या जाणत्या माणसांत आपण काय बोलावे.

इयन मॅकॅमन या अभ्यासकाने अमेरिकेतील ७१५ अपघात तपासून हीच मनाची वळणे नोंदवली. ओळखीची जागा, आधीपासून ठरवलेला बेत, बरोबरच्यांच्या नजरेत उतरू नये ही धडपड, नेत्यावरचा आंधळा विश्वास, ताज्या बर्फावर पहिली रेघ आपली असावी हा मोह, आणि इतर लोक गेलेत म्हणून आपणही जाऊ हा दिलासा: प्रशिक्षण घेतलेली माणसेही या वळणांवर फसत होती. म्हणून निव्वळ बर्फाचे विज्ञान शिकवून पुरत नाही. गटात सर्वांत नवख्या माणसाने ‘मला हे बरोबर वाटत नाही’ असे म्हटले तर चर्चा न करता परत फिरायचे, हा करार निघण्यापूर्वी मोठ्याने बोलून करायला शिकवावे लागते. ऐकायला हे किरकोळ वाटेल. उताराच्या तोंडाशी, वारा कानात शिरत असताना आणि बाकीचे स्की बांधून तयार असताना तोंडातून हे वाक्य काढणे किती जड जाते, ते ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल.

साधनांबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे. ४५७ किलोहर्ट्झवर संकेत देणारा बीकन, शोधकाठी आणि धातूचे फावडे प्रत्येकाजवळ असलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण ती साधने काय करू शकतात याची मर्यादा आकड्यांतच दिसते. स्वित्झर्लंडमधील १९८१ ते २०२० या काळातील अपघातांच्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला दहा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता ९१ टक्के असते. तीस मिनिटांवर ती ३१ टक्क्यांवर येते. दहा मिनिटांत कुठलेही हेलिकॉप्टर पोहोचत नाही, म्हणजे वाचवणार ते बरोबरचेच. सरावात आम्ही एक पिशवी मीटरभर खोल पुरून वरचा बर्फ पायांनी तुडवला होता. बीकनने जागा चार मिनिटांत सापडली, काठी तिसऱ्या प्रयत्नात लागली, आणि मग तिघांनी मिळून खणायला घेतले. हिमस्खलनाचा बर्फ थांबल्याबरोबर आवळतो आणि ओल्या वाळूसारखा घट्ट बसतो. मीटरभर खोलवरून माणूस काढायचा तर टनभर बर्फ हलवावा लागतो. आमची पिशवी निघाली तेव्हा घड्याळात सतरा मिनिटे झाली होती. ती पिशवी होती, म्हणून आम्ही घाम पुसत हसलो. हसता हसता सगळे एकदम गप्प झाले.

याशिवाय कॅनडातील हिमस्खलन-मृत्यूंपैकी सुमारे पाव मृत्यू गुदमरून होत नाहीत, झाडांवर-खडकांवर आदळून होतात. तिथे बीकन काही करू शकत नाही. फुगणाऱ्या पिशवीचे, म्हणजे एअरबॅगचे, महत्त्वही मी नाकारत नाही. स्खलनात गंभीररीत्या सापडलेल्यांतले मृत्यूचे प्रमाण तिने शंभरात २२ वरून ११ वर येते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. निम्मे प्राण वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र उरलेले अकरा एअरबॅग फुगवूनच गेले आहेत, आणि पाठीवर ती आहे म्हणून एखादा पाच अंश अधिक उभ्या उतारावर गेला तर मिळवलेले सारे तिथेच गमावले जाते.

आता बंदीकडे. बंदी सर्वत्र चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. घर, रस्ता आणि रेल्वे यांच्या बाबतीत बंदी, स्थलांतर आणि बांधकामाचे निर्बंध हेच योग्य उपाय आहेत. १ मार्च १९१० रोजी वॉशिंग्टन राज्यातील वेलिंग्टन स्थानकाजवळ अडकून पडलेल्या दोन गाड्या हिमस्खलनाने दरीत ढकलल्या आणि ९६ जण मेले. त्या प्रवाशांनी उतार निवडला नव्हता. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी ऑस्ट्रियातील गाल्टूर गावात ३१ माणसे मेली, आणि बर्फ त्या भागापर्यंत पोहोचला जो धोक्याच्या नकाशावर सुरक्षित दाखवलेला होता. अशा ठिकाणी राहणाऱ्याला किंवा जाणाऱ्याला रोज उताराचा कोन मोजायला सांगणे क्रूरपणाचे ठरेल. तिथे शासनानेच निर्णय घ्यावा. रॉजर्स पासमध्येही महामार्गावरचा बर्फ वेळीच पाडण्यासाठी कॅनडाचे सैन्य तोफा डागते, आणि ज्या उतारांवर गोळे पडतात ते भाग प्रवाशांना बंद असतात. कारण स्पष्ट आहे, सीमा नकाशावर आखलेली आहे आणि तोफा चालणार नसतील तेव्हा परवाना घेऊन जाता येते. अशी बंदी बहुतेक लोक पाळतात, कारण तिचे कारण पटते.

मोकळ्या डोंगरावरची सरसकट बंदी वेगळी असते. एकाच दिवशी, एकाच दरीत, उत्तरेकडचा २,४०० मीटरवरचा उतार जीवघेणा असतो आणि समोरचा दक्षिणेकडचा झाडीतला सौम्य उतार निर्धोक असतो. बंदीची पाटी दोघांना एकच शब्द लावते. सौम्य उतारावर जाणाऱ्याला ती विनाकारण अडवते, आणि पाटी चुकीची ठरते असा अनुभव चार वेळा आला की पाचव्या वेळी, जेव्हा ती बरोबर असते, तेव्हाही तिच्याकडे दुर्लक्ष होते. शिवाय पाटी जिथे संपते तिथून पुढे सारे सुरक्षित आहे, असा समजही तीच रुजवते. बंदी असूनही जाणारा माणूस चोरून जातो: कुठे चाललो ते कुणाला सांगत नाही, त्या दिवशीच्या धोक्याचे बुलेटिन विचारत नाही, अडकला तर फोन करायला कचरतो. जिथे दहा मिनिटांचा हिशोब आहे तिथे ही कचरण्याची मिनिटे कुणाच्या खात्यावर टाकायची? सुटकेचा खर्च वा दंड प्रवाशाकडून वसूल करण्याच्या सूचनेलाही माझा विरोध आहे तो याच कारणाने.

माझ्या या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप बचावपथकांच्या जिवाचा आहे, आणि तो बाजूला सारता येणार नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये तुर्कस्तानच्या वान प्रांतात, बहचेसराय रस्त्यावर हिमस्खलनाखाली गाडल्या गेलेल्यांना काढायला गेलेल्या पथकावर दुसऱ्या दिवशी दुसरे हिमस्खलन कोसळले; दोन्ही मिळून ४१ जण मेले. दुसऱ्याच्या चुकीसाठी कुणी आपला जीव घालवावा, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. म्हणूनच उतार अजून अस्थिर असेल तर पथकाने थांबावे, हा निर्णय घेण्याची मोकळीक पथकप्रमुखाला निःसंदिग्धपणे असली पाहिजे आणि थांबल्याबद्दल त्याच्यावर शिंतोडे उडवले जाऊ नयेत. पण पथकांना कमी वेळा बोलवावे लागावे, हेच जर ध्येय असेल, तर शिकलेला प्रवासी हाच त्याचा उपाय आहे. आल्प्समध्ये हिमस्खलनाने वर्षाला सरासरी सुमारे १०० माणसे मरतात. हा आकडा गेली चार दशके जवळपास तिथेच आहे. त्याच काळात हिवाळ्यात मोकळ्या डोंगरावर जाणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढली. जाणारे वाढले आणि मृत्यू वाढले नाहीत, याचे श्रेय मी प्रामुख्याने दैनंदिन बुलेटिन, प्रशिक्षण आणि सोबत्यांनी केलेल्या बचावाला देतो.

कॅनडाने २००३ नंतर काय केले ते इथे पाहण्यासारखे आहे. खिंड बंद झाली नाही. त्याऐवजी तिथली राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या पार्कस् कॅनडा या संस्थेने डोंगरातील वाटांची तीन वर्गांत विभागणी केली: साधी, आव्हानात्मक आणि गुंतागुंतीची. त्या दिवशीचा बर्फ कसाही असो, ही जागा मुळातच किती उघडी आहे, हे त्यावरून कळू लागले. पालकांविना अल्पवयीन मुलांना नेणाऱ्या संस्थांवर बंधने आली: साध्या वाटेपलीकडे प्रमाणित मार्गदर्शकाशिवाय नेता येणार नाही, आणि गुंतागुंतीच्या प्रदेशात मुळीच नाही. २००४ साली राष्ट्रीय पातळीवरची सार्वजनिक हिमस्खलन-संस्था उभी राहिली, ती आज ॲव्हलांच कॅनडा म्हणून काम करते. बंधन कुणावर आणि मोकळीक कुणाला, याचा इथे नेमका विचार झालेला दिसतो. प्रौढ माणूस स्वतःच्या जिवाबद्दल निर्णय घेतो. पंधरा वर्षांचे मूल नेणाऱ्यावर विश्वास टाकून चालते, म्हणून नेणाऱ्याला कायद्याने बांधायचे. पैसे घेऊन गट नेणाऱ्या प्रत्येकाला हाच नियम लागू करावा, असे मला वाटते, कारण त्यांच्यामागून चालणारा प्रौढही बर्फाबाबत मुलाइतकाच अजाण असतो.

माहिती पुरवणे हे खर्चिक आणि चिकाटीचे काम आहे. दावोसच्या वर वाइसफ्लूयोखला १९३०च्या दशकात एका झोपडीत सुरू झालेल्या संशोधनातून स्वित्झर्लंडची संस्था वाढली. आज तिचे जवळपास २०० निरीक्षक आणि डोंगरांवरची स्वयंचलित केंद्रे मिळून जी माहिती पाठवतात, तिच्यावरून हिवाळ्यात संध्याकाळी पाचला आणि पुन्हा सकाळी आठला बुलेटिन निघते. धोका कोणत्या उंचीच्या वर आहे, कोणत्या दिशेच्या उतारांवर आहे, आणि तो नव्या बर्फाचा, वाऱ्याने रचलेल्या बर्फाचा, जुन्या कच्च्या थराचा, ओल्या बर्फाचा की जमिनीवरून सरकणाऱ्या बर्फाचा आहे, हे त्यात वेगवेगळे सांगितलेले असते. भारतीय हिमालयात डीआरडीओच्या चंडीगढ येथील संस्थेकडून येणाऱ्या अंदाजांवरून इशारे जाहीर होतात, पण लोकांपर्यंत पोहोचणारा इशारा बहुधा जिल्ह्याचे नाव आणि अमुक मीटरच्या वर मध्यम धोका, एवढ्यावर आटोपतो. सैन्याच्या हालचाली आणि रस्ते यांना तो उपयोगी असेल. गुलमर्गच्या अफरवत शिखरावरून उतरू पाहणाऱ्याला आज ईशान्येकडची घळ टाळावी की पश्चिमेकडची, हे त्यातून कळत नाही. जिल्ह्याएवढ्या आकाराच्या इशाऱ्याने लोक घाबरतात किंवा बेफिकीर होतात. उतार वाचायला मात्र कुणी शिकत नाही.

या व्यवस्थेचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे अपघाताचा प्रामाणिक अहवाल. अमेरिकेतील कोलोराडो राज्याचे हिमस्खलन-केंद्र प्रत्येक प्राणघातक अपघाताचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध करते: उताराचा कोन, थरांची रचना, गट कुठे थांबला, कोण आधी गेले, काय बोलणे झाले. त्यात कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नसते. असे अहवाल जिथे नाहीत तिथे उरते ती बातमी, आणि बातमीत ‘निसर्गाचा कोप’ किंवा ‘बेजबाबदार पर्यटक’ यांपैकी एक शब्द असतो. दोन्ही शब्दांतून पुढच्या माणसाला काही मिळत नाही. जे सुटले त्यांनी बोलावे असे वाटत असेल तर बोलणाऱ्याला शिक्षेची आणि बदनामीची भीती असता कामा नये, हे कायद्यात लिहून ठेवले पाहिजे.

आणि अपघात न झालेल्या दिवसांचेही अहवाल हवेत. नॉर्वेमध्ये कुणीही प्रवासी आपण पाहिलेली चिन्हे सार्वजनिक नोंदपद्धतीत टाकू शकतो आणि अंदाज करणारे तज्ज्ञ ती वाचतात. एखादा गट सकाळी निघतो, उत्तरेकडच्या धारेखाली बर्फ बसल्याचा तो खोल आवाज ऐकतो, स्कीच्या टोकापासून एक बारीक तडा पुढे धावताना पाहतो आणि आल्या पावली परत फिरतो. संध्याकाळी त्यांच्यापैकी कुणीतरी उंची, दिशा, वेळ आणि ‘परत फिरलो’ एवढ्या दोन ओळी नोंदवतो. दुसऱ्या दिवशीचे बुलेटिन लिहिणाऱ्याला त्या उतारावरची तेवढीच माणसाने पाहिलेली खूण मिळालेली असते.